काकांचा गुडघा आणि तीन रिकामे रकाने

प्रश्न : माझं शिक्षण वाणिज्य शाखेतलं. विज्ञानाचा संबंध शाळेबरोबरच संपला. गेल्या काही महिन्यांत घरात चार गोष्टी झाल्या. काकांनी गुडघेदुखीवर कुणीतरी दिलेल्या गोळ्यांचा कोर्स केला, तीन आठवड्यांत दुखणं निम्म्यावर आलं आणि आता ते भेटेल त्याला तोच कोर्स सुचवतात. वडिलांना कोलेस्टेरॉलची गोळी सुरू झाली. ती ‘हार्ट अटॅकचा धोका ३६ टक्क्यांनी कमी करते’ असं मी वाचलं, पण आईचं म्हणणं, त्रास काही नाही तर गोळी कशाला? मी स्वतः फुल बॉडी चेकअप केला, त्यात ६० पैकी ३ आकडे लाल आले. आणि धाकटा भाऊ म्हणतो, हे सगळं संशोधन कंपन्यांनी विकत घेतलेलं असतं, तू वाचतेसच कशाला! मला डॉक्टर व्हायचं नाहीये. पण समोरचा दावा दमदार आहे की पोकळ, एवढं तरी स्वतःला ओळखता यावं. सुरुवात कुठून करू?
– स., वय ३४

उत्तर : प्रिय स.,

कागदावर एक चौकोन काढा आणि उभी-आडवी रेघ मारून त्याचे चार रकाने करा. वरच्या ओळीला नाव द्या ‘औषध घेतलं’, खालच्या ओळीला ‘घेतलं नाही’. डावा स्तंभ ‘बरं वाटलं’, उजवा ‘नाही वाटलं’. आता काकांची नोंद करा. डावीकडे वरच्या रकान्यात १. बाकीचे तीन रिकामे. तुमच्या चारही प्रश्नांची उत्तरं याच चौकोनातून निघतात, आणि वैद्यकातले बहुतेक फसवे दावे एकच रकाना दाखवून बाकीचे तीन झाकतात.

रिकाम्या रकान्यांनी काय बिघडतं? समजा, तो कोर्स केलेल्या १०० जणांपैकी ७० जणांना तीन आठवड्यांत बरं वाटलं. आकडा भरघोस आहे. पण कोर्स न करणाऱ्या, तशाच गुडघ्याच्या १०० जणांपैकी ६८ जणांनाही तेवढ्याच काळात बरं वाटलं असेल, तर गोळ्यांच्या खात्यात फार तर दोघं जमा होतात. ७० हा आकडा एकटा काहीच सांगत नाही.

न घेणाऱ्यांना बरं का वाटावं? गुडघेदुखी चढ-उताराची असते, आणि माणूस औषध शोधायला निघतो तो दुखणं शिगेला पोचल्यावर. शिगेनंतर बहुधा उतारच येतो, गोळी घ्या किंवा नका घेऊ. संख्याशास्त्रात याला सरासरीकडे परतणं म्हणतात. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ मध्ये आई-वडील आणि मुलांच्या उंचीवरून ते दाखवून दिलं होतं. त्यात भर म्हणून त्या तीन आठवड्यांत माणूस जिने टाळतो, पाय शेकतो, जरा विश्रांती घेतो. आणि उपचार चालू आहे या जाणिवेनेही वेदना कमी जाणवते. ही शेवटची गोष्ट किरकोळ समजू नका. २००२ साली गुडघ्याच्या ऑस्टिओआर्थ्रायटिसच्या (सांध्याच्या झिजेच्या) १८० रुग्णांवर अमेरिकेत एक चाचणी झाली. काहींची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया केली, काहींना भूल देऊन नुसता कातडीला छेद घेतला आणि टाके घातले. आपल्याला काय झालंय हे रुग्णांना माहीत नव्हतं. दोन वर्षं पाठपुरावा केला, तरी खरी शस्त्रक्रिया झालेल्यांचं दुखणं खोटी झालेल्यांपेक्षा कमी भरलं नाही.

काकांच्या बाबतीत एक वेगळी काळजी मात्र घ्या. सांधेदुखीच्या ज्या गोळ्यांवर घटक छापलेले नसतात, त्यांत स्टेरॉइड किंवा वेदनाशामक मिसळलेलं सापडल्याची उदाहरणं अनेक देशांत आहेत. अशा गोळीने आराम खराच पडतो, पण रक्तदाब, साखर, जठर, मूत्रपिंड यांना त्याची किंमत मोजावी लागते. पाकिटावर घटकांची नावं नसतील तर ते डॉक्टरांना दाखवा. गोळ्या बरेच दिवस चालू असतील तर एकदम बंदही करू नका. शरीराला स्टेरॉइडची सवय लागलेली असेल तर ते अचानक थांबवणं धोक्याचं ठरतं.

खालची ओळ भरायची म्हणजे औषध न घेतलेली कोणतीही माणसं धरून चालत नाहीत. ती वरच्या ओळीतल्या माणसांसारखीच हवीत. इथे भल्याभल्यांची फसगत झाली आहे. पाळीबंदीनंतर हार्मोनच्या गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांना हृदयविकार कमी होतो, असं निरीक्षणांवर आधारलेल्या अनेक अभ्यासांत दिसत होतं. निरीक्षण खरं होतं. पण त्या गोळ्या स्वतःहून घेणाऱ्या स्त्रिया सरासरीने अधिक सुस्थितीतल्या, तब्येतीची अधिक काळजी घेणाऱ्या होत्या. मग विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह या चाचणीत १६,६०८ स्त्रियांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी, कुणाच्याही निवडीविना वाटणी झाली. अर्ध्या स्त्रियांना इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिनची गोळी, अर्ध्यांना औषध नसलेली प्लासिबो गोळी. २००२ मध्ये ही चाचणी मुदतीआधी थांबवावी लागली. दर १०,००० स्त्रियांमागे वर्षाला हृदयविकाराच्या घटना गोळीवाल्यांत ३७ आणि प्लासिबोवाल्यांत ३० होत्या, आणि स्तनाच्या कर्करोगाचं प्रमाणही गोळीवाल्यांतच जास्त होतं. (या स्त्रियांचं सरासरी वय सुमारे ६३ होतं. पाळी नुकतीच थांबलेल्या बाईने त्रासावर थोडा काळ ही गोळी घ्यावी का, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तरही वेगळं येऊ शकतं.) म्हणून ‘अमुक करणाऱ्यांना तमुक रोग कमी होतो’ अशी बातमी दिसली की विचारायचं : वाटणी संशोधकांनी केली, की लोकांनी आपापली निवड केली? निवड लोकांची असेल तर ती माणसं आणखी कशाकशात वेगळी होती?

चिठ्ठ्या टाकून वाटणी करण्यात जादू काही नाही. वय, पैसा, शिस्त, अनुवंश, आणि जे आपल्याला सुचलंही नाही ते सगळं दोन्ही बाजूंना जवळपास सारखं वाटलं जातं, म्हणून नंतर दिसणारा फरक उपचाराचा म्हणता येतो. ब्रिटनमधली क्षयावरच्या स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी याचा सुरुवातीचा नमुना आहे. ती १९४८ मध्ये प्रसिद्ध झाली. सहा महिन्यांत औषध मिळालेल्या ५५ पैकी ४ रुग्ण दगावले, नुसती विश्रांती मिळालेल्या ५२ पैकी १४. चारही रकाने भरा आणि स्वतःच बघा. फरक दिसायला हजारो माणसं लागली नाहीत, कारण तुलना स्वच्छ होती.

आता वडिलांची गोळी. ३६ टक्क्यांचा आकडा प्रसिद्ध आहे. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अॅटॉरव्हास्टॅटिनच्या एका मोठ्या चाचणीतला तो आहे. उच्च रक्तदाब आणि हृदयविकाराच्या जोखमीच्या किमान तीन आणखी बाबी असलेली माणसं त्यात होती. साधारण ३.३ वर्षांत प्लासिबो घेणाऱ्या ५,१३७ पैकी १५४ जणांना हार्ट अटॅक आला किंवा हृदयविकाराने मृत्यू आला. गोळी घेणाऱ्या ५,१६८ पैकी १०० जणांना. आता टक्केवारी काढा : ३ टक्के आणि १.९ टक्के (नेमकं सांगायचं तर १.९४). तीनवरून १.९ वर येणं म्हणजे ‘३६ टक्क्यांनी कमी’. शंभर माणसांमागे बोलायचं तर तिघांऐवजी जेमतेम दोघं. आणखी एक गणित करा. १०० ला १.०६ या फरकाने भागा, उत्तर येतं सुमारे ९४. म्हणजे त्या प्रकारच्या ९४ जणांनी तीन-सव्वातीन वर्षं गोळी घेतली की एकाची घटना टळते. उरलेल्या ९३ जणांपैकी बहुतेकांना एरवीही काही झालं नसतं, आणि काहींना गोळी घेऊनही अटॅक आला.

यावरून ‘आईचं बरोबर’ असा निष्कर्ष काढू नका. ३६ टक्के हे गुणोत्तर आहे, ते कशावर लागू करायचं हे मूळ धोक्यावर ठरतं. एखाद्याला आधीच अटॅक येऊन गेला असेल आणि पुढच्या काही वर्षांत दुसरा येण्याचा धोका समजा शंभरात २० असेल, तर तेवढ्याच ३६ टक्क्यांनी शंभरात ७ घटना टळतात, म्हणजे दर १४ जणांमागे एक. गोळी तीच, माणूस वेगळा, म्हणून निर्णयही वेगळा. आणि ‘त्रास नाही’ हा मुद्दा इथे गैरलागू आहे. ही गोळी आजच्या त्रासासाठी नाही, उद्याच्या घटनेसाठी आहे. वडिलांचं वय, रक्तदाब, धूम्रपान, मधुमेह, कोलेस्टेरॉल हे आकडे घालून डॉक्टर दहा वर्षांचा अंदाजे धोका काढू शकतात. तो आकडा मागा. तो हातात येईपर्यंत गोळी घरच्या घरी बंद करू नका.

जाहिरातीची एक लकब इथेच लक्षात ठेवा : फायदा टक्क्यांत सांगायचा आणि तोटा हजारात. ‘धोका ५० टक्क्यांनी घटतो, दुष्परिणाम हजारात फक्त एकाला.’ आणि घटही हजारात दोनावरून एकावर आलेली असली, तर फायदा-तोटा बरोबरीत सुटला की! घाबरवणारी बातमी याच्या उलट चालते. १९९५ मध्ये ब्रिटनमध्ये काही नव्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताच्या गुठळीचा धोका दुप्पट होतो, असा इशारा निघाला. दुप्पट म्हणजे ७,००० मध्ये एकावरून दोनावर. अनेक स्त्रियांनी घाबरून गोळ्या सोडल्या, नको असलेली गर्भारपणं आणि गर्भपात वाढले. खुद्द गर्भारपणात गुठळीचा धोका त्या गोळीपेक्षा जास्त असतो, हे कुणी त्या मथळ्यात सांगितलं नव्हतं. ‘दुप्पट’, ‘निम्मा’, ‘तिप्पट’ हे शब्द दिसले की आधी विचारा, कितीच्या?

तुमचे तीन लाल आकडे. प्रयोगशाळेची बरीचशी ‘नॉर्मल रेंज’ अशी ठरते : निरोगी माणसांची तपासणी करायची, त्यांचे आकडे ओळीने लावायचे आणि मधल्या ९५ टक्क्यांना नॉर्मल म्हणायचं. म्हणजे अगदी ठणठणीत माणसांतही दर चाचणीला ५ टक्के लोक रेषेबाहेर पडतात. ६० चाचण्यांचे ५ टक्के किती? तीन. सगळ्या चाचण्या एकमेकींपासून स्वतंत्र असत्या, तर फक्त २० चाचण्या करूनही किमान एक लाल आकडा निघण्याची शक्यता ६४ टक्के असती. प्रत्यक्षात काही चाचण्या एकमेकींशी बांधलेल्या असतात, म्हणून गणित तंतोतंत बसणार नाही. पण घाबरण्याआधी एवढं माहीत हवं.

सगळे लाल आकडे एका जातीचे नसतात, हेही तितकंच महत्त्वाचं. एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी चाचणी) ६.५ टक्के किंवा अधिक ही मधुमेहाच्या निदानाची सीमा आहे. ती ‘मधल्या ९५ टक्क्यां’वरून आलेली नाही, पुढे होणाऱ्या इजेवरून आलेली आहे. तो आकडा लाल असेल तर ‘पाच टक्क्यांत बसलो’ म्हणून सोडून देऊ नका. म्हणून प्रत्येक लाल आकड्याला विचारा : रेषेपासून किती लांब आहे, त्याला जोडून दुसरं काही बिघडलंय का, आधीचा रिपोर्ट काय सांगतो, आणि नमुना कसा घेतला होता. जेवून रक्त दिलं तर ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक चरबी) वाढलेलं दिसतं. रक्त काढताना पेशी फुटल्या तर पोटॅशियम खोटंच वाढतं. आदल्या दिवशी जोरदार व्यायाम केला तर सीके हे स्नायूंतलं विकर वाढतं आणि यकृताच्या चाचण्यांत मोजलं जाणारं एसजीओटीसुद्धा. केस-नखांसाठीच्या बायोटिन या जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेने थायरॉइडच्या काही चाचण्यांचे आकडे चुकतात. रेषेच्या जरासाच बाहेर असलेला एकटा आकडा बहुधा त्याच प्रयोगशाळेत, त्याच वेळी, नीट तयारीने पुन्हा तपासायचा असतो. किती दिवसांनी, ते डॉक्टर ठरवतील.

लक्षणं नसताना केलेली चाचणी पॉझिटिव्ह आली की पुन्हा चौकोन काढायचा. या वेळी ओळी ‘रोग आहे’ आणि ‘रोग नाही’, स्तंभ ‘चाचणी पॉझिटिव्ह’ आणि ‘निगेटिव्ह’. १,००० माणसं घ्या. रोग १० जणांना आहे. चाचणी रोग्यांपैकी ९० टक्के पकडते, आणि निरोगी लोकांपैकी ९ टक्क्यांना चुकून पॉझिटिव्ह ठरवते. दहातले ९ पकडले. उरलेल्या ९९० चे ९ टक्के म्हणजे ८९ उगाच पकडले. एकूण पॉझिटिव्ह ९८, खरे रोगी ९. ‘९० टक्के अचूक’ चाचणी पॉझिटिव्ह आली तरी रोग असण्याची शक्यता दहातही एक नाही! हीच चाचणी लक्षणं असलेल्या माणसावर केली, जिथे हजारात ३०० जणांना रोग आहे, तर २७० खरे आणि ६३ खोटे पॉझिटिव्ह. चाचणी बदलली नाही, ती कुणावर केली ते बदललं. डॉक्टर उगाच चाचण्या लिहून देत नाहीत तेव्हा ‘लक्षच देत नाहीत’ असं म्हणण्याआधी हा हिशेब करून पाहावा.

भावाचं म्हणणं अर्धं खरं आहे, आणि तेवढं मान्य करूनच पुढे जाऊ. २००८ साली नैराश्यावरच्या १२ औषधांच्या ७४ चाचण्यांचा धांडोळा प्रसिद्ध झाला. अमेरिकेच्या औषध नियामकाकडच्या फायली आणि नियतकालिकांत छापून आलेलं, असं समोरासमोर ठेवून पाहिलं. नियामकाच्या मते ३८ चाचण्या यशस्वी होत्या, त्यांतल्या ३७ छापून आल्या. उरलेल्या ३६ अयशस्वी किंवा संदिग्ध. त्यांतल्या २२ छापल्याच नाहीत, ११ यशस्वी वाटतील अशा शब्दांत छापल्या, आणि जशा होत्या तशा छापल्या फक्त ३. म्हणजे संपूर्ण रकानेच गायब. पण हा घोटाळा उघडकीला आला तो संशोधकांनी मूळ नोंदी तपासल्या म्हणूनच. आणि औषधं निरुपयोगी ठरली का? नाही, परिणाम छापलेल्यापेक्षा कमी भरला, शून्य नव्हे. ‘सगळंच विकलेलं’ असं म्हणणाऱ्यालाही तपासायला काही उरत नाही, आणि सगळ्यावर विश्वास ठेवणाऱ्यालाही. आम्हाला दोन्ही प्रकार सारखेच आळशी वाटतात.

तपासायचं कसं? मथळ्यावरून मूळ शोधनिबंधापर्यंत जा. प्रयोग पेशींवर किंवा उंदरांवर झाला असेल तर वाचन तिथेच थांबवलं तरी चालेल, तुमच्या निर्णयासाठी त्याचा आज उपयोग नाही. माणसांवर असेल तर निष्कर्ष आधी वाचू नका, ‘पद्धती’ हा भाग वाचा. कोणती माणसं घेतली, तुलना कशाशी केली (प्लासिबोशी की आधीच्या चांगल्या औषधाशी), किती काळ, मधेच किती जण सोडून गेले, आणि यशाची मुख्य कसोटी कोणती ठरवली होती. मग चाचणीचा नोंदणी क्रमांक शोधा. अमेरिकेच्या नोंदवहीत तो ‘एनसीटी’ आणि पुढे आठ अंक असा असतो. प्रमुख वैद्यकीय नियतकालिकांनी २००५ पासून आधी नोंदणी सक्तीची केली आहे. नोंदवही सगळ्यांना फुकट पाहता येते. सुरुवातीला लिहिलेली मुख्य कसोटी आणि निबंधातली मुख्य कसोटी जुळत नसेल तर भुवई उंचवा : बाण मारून झाल्यावर भोवती वर्तुळ काढलेलं असू शकतं.

कसोटी माणसाला जाणवणारी आहे की कागदावरची, हे तर नक्कीच बघा. हार्ट अटॅकनंतर हृदयाचे अनियमित ठोके पडणाऱ्यांचा मृत्यूचा धोका जास्त असतो, म्हणून ते ठोके दाबणारी एन्कायनाइड आणि फ्लेकायनाइड ही औषधं दिली जात. ठोके खरोखर कमी होत. मग कास्ट नावाच्या चाचणीत मृत्यू मोजले. सुमारे दहा महिन्यांत औषध घेणाऱ्या ७५५ पैकी ६३ आणि प्लासिबोवाल्या ७४३ पैकी २६ जण दगावले. ईसीजी सुधारला, माणसं गेली. ‘अमुक घटक वाढतो’, ‘सूज दाखवणारा आकडा घटतो’ अशा दाव्यांपुढे हे उदाहरण ठेवा.

मुख्य निकाल फिका आणि ‘पण चाळिशीपुढच्या स्त्रियांत मात्र उत्तम परिणाम’ असं काही दिसलं तर आयसिस-२ आठवा. हार्ट अटॅकमध्ये अॅस्पिरिन जीव वाचवतं हे १९८८ मध्ये १७,००० हून अधिक रुग्णांवर सिद्ध करणारी ही चाचणी. उपगट पाडा असा आग्रह झाला, तेव्हा संशोधकांनी मुद्दाम राशीनुसार उपगट पाडून दाखवले. मिथुन आणि तूळ राशीच्या रुग्णांना अॅस्पिरिनचा फायदा नाही, असं निघालं! पुरेसे तुकडे पाडले की कुठलातरी तुकडा वेडंवाकडं बोलतोच.

निकालाच्या आकड्याशेजारी दिलेला ‘९५ टक्के विश्वासांतर’ हा पट्टाही वाचा, खरा परिणाम साधारण कुठून कुठपर्यंत असू शकतो ते तो सांगतो. वडिलांच्या गोळीच्या ३६ टक्क्यांचा पट्टा १७ ते ५० टक्के होता, म्हणजे खालच्या टोकालाही फायदाच. पट्टा ‘२० टक्के तोटा ते ६० टक्के फायदा’ असा असेल तर अजून काहीच ठरलेलं नाही. आणि ‘एकालाही दुष्परिणाम झाला नाही’ असं लिहिलं असेल तर ३ ला माणसांच्या संख्येने भागा. ३०० जणांत कुणालाही झाला नसेल, तरी खरा दर शंभरात एक इतका असू शकतो. एकेकटा अभ्यास वाचण्यापेक्षा त्या विषयावरच्या सगळ्या चाचण्या एकत्र तोलणारा आढावा मिळाला तर तोच वाचा. असे आढावे १९९३ पासून तयार करणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यांत सोप्या भाषेतला सारांश असतो, आणि पुरावा किती भक्कम आहे तेही लिहिलेलं असतं.

वडिलांबरोबर डॉक्टरांकडे जाल तेव्हा चार प्रश्न लिहून न्या. यांच्यासारख्या १०० जणांनी काहीच घेतलं नाही तर दहा वर्षांत कितींना अटॅक येईल? गोळी घेतली तर कितींना? गोळीने त्रास कितींना होतो आणि तो कोणता? तीन महिने थांबून, वजन-व्यायाम सांभाळून पुन्हा पाहिलं तर काय बिघडेल? उत्तरं समोरच त्या चौकोनात लिहा. ‘नेमका आकडा नाही, पण साधारण इतका’ हे प्रामाणिक उत्तर आहे, ते चालेल. प्रश्नच उडवून लावले तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. तोपर्यंत गोळी चालू ठेवा, आणि तुमचे लाल आकडे व जुने रिपोर्ट असतील तर तेही त्याच भेटीत सोबत न्या.